मोकळ्या हातांची गोजरा

तुमच्या पणजोबांच्या पणजोबाला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खडकेवाडीचा माळ तेव्हाही असाच होता. पाण्याच्या नावानं ठणठणाट, आणि दगड उचलावा तिथं फुरसं. वीत-दीड वीत लांब, मातीच्याच रंगाचं. चावायच्या आधी अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खर्रर्र असा आवाज करतं, तेवढाच काय तो त्याचा भलेपणा.

त्या गावात गोजरा नावाची बाई राहायची. तिचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलखाबाहेर असे. ही बाकीच्या बायांबरोबर माळावर दगड वेचायची. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून बांधाला रचतात ना, ते दगड. पण कामाला हात लावण्याआधी ती बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधायची. मग दगडाशी कान न्यायची. "ह्याच्याखाली हाय," म्हणाली की फुरसं असायचंच, असं म्हणतात.

आता मला सांगा, नवरा जिता असताना मोकळ्या हातांनी फिरणारी बाई गावाच्या डोळ्यांत खुपणार नाही तर काय! आधी कुजबुज झाली. "हिलाच बरं कळतं कुठं हाय ते. ठेवणाऱ्यालाच ठावं असतं बाई!" मग कुणाची शेळी फुरसं चावून मेली, तर ती गोजरानं मारली. त्या वर्षी मल्हारीला परतायला उशीर झाला आणि लोकांच्या जिभेला हाडच राहिलं नाही. "नवरा खाल्ला हिनं!" ती विहिरीवर आली की बाया अर्धी घागर उचलून चालू लागायच्या.

शेवटी सोनाप्पा पाटलानं तिला चावडीवर बोलावलं. "हातभर बांगड्या भरायच्या आणि काढायच्या न्हाईत. न्हाईतर गाव सोड."

"पाटील, बांगड्या वाजल्या की फुरसं ऐकू येत न्हाई."

"आमच्या बायांना तर कधीच ऐकू आलं न्हाई!" पाटील म्हणाला आणि चावडी हसली. मूर्ख कुठले.

गोजरा जाणार तरी कुठं? मल्हारी परतला तर याच दाराशी परतणार होता. तिनं निमूट बांगड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी माळावर वीस बायांच्या बांगड्या खणखणत होत्या. पाटलाची सून भामा मुद्दाम गोजराच्या शेजारी बसली होती, बांगड्या काढते का ते बघायला. मध्येच गोजराला खर्रर्र ऐकू आल्यासारखं झालं, पण कुठून ते कळेना. "गप ऱ्हावा गं!" ती ओरडली. कोण ऐकतंय? तेव्हा तिनं दोन्ही हात समोरच्या दगडावर आपटले आणि सगळ्या बांगड्या फोडल्या.

अगं बाई! जित्या नवऱ्याच्या नावानं बांगड्या फोडल्या! बाया जागच्या जागी थिजल्या. एक बांगडी वाजली नाही. आणि त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं, भामाचा हात होता त्याच दगडाखाली खर्रर्र. कुणी म्हणतं, त्या घटकेला अख्खा माळ वाजत होता. गोजरानं भामाचा हात हिसडून बाजूला केला. फुरसं गोजराच्या मनगटाला डसलं.

रक्त थांबेचना. तिसऱ्या दिवशी ती गेली. पाचव्या दिवशी मल्हारी आला, मेंढरांसकट, चांगला धडधाकट. "गोजरा कुठाय?" म्हणाला. चावडीवरची माणसं एकेक करून उठून गेली. शेवटी भामानंच पुढं होऊन सांगितलं.

तेव्हापासून खडकेवाडीचं फुरसं वाजल्याशिवाय चावत नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर फुरसं होतं तसंच आहे, गावाला कान आले.

आजही दगड वेचायच्या पहिल्या दिवशी गावातल्या साऱ्या सवाष्णी बांगड्या काढून बांधावर ठेवतात, पाटलाच्या घरची सून सगळ्यांच्या आधी. मग वयानं थोर असलेली बाई माळाकडं तोंड करून म्हणते, "गोजराबाई, आता ऐकतोय आम्ही." आणि बराच वेळ कुणी हूं की चूं करत नाही.