फिलानोरचा निखारा

एक होता कुंभार. राजा नव्हे बरं का, राजे कामाचे नसतात. हा कुंभार ग्रीस देशातला, नाव फिलानोर. एका पायाने लंगडा, पण माणूस खणखणीत.

एकदा काय झालं, त्याच्या गावात दुष्काळ पडला. मग पंचांनी वीस घरं निवडली आणि सांगितलं, "समुद्रापार जा, नवं गाव वसवा." तिकडची रीत अशी, की जुन्या गावच्या चुलीतला विस्तव न्यायचा आणि त्यावरच नव्या गावची पहिली चूल पेटवायची. विस्तव विझला किंवा परक्याच्या चुलीत गेला, तर तो बाटला. मग गाव वसत नाही. मुकाट परत फिरायचं, उपाशी मरायला.

फिलानोरने मडक्यात राख भरली, राखेत निखारे पुरले. मग निघाली होडी.

पहिल्या दिवशी वादळ आलं. फिलानोर मडक्यावर पालथा पडला. पाठीवरून लाटा गेल्या, गडी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मासे गावले. देक्सोन म्हणून एक वल्हेकरी होता, तोंडाचा फाटका. म्हणाला, "लंगडोबा, एक निखारा दे की! भाजून खाऊ."

"कच्चे खा."

खाल्ले मग, शिव्या देत.

तिसऱ्या दिवशी किनारा लागला. निखारा एकच उरलेला, बोराएवढा. नुकतीच गारपीट झालेली, लाकूडफाटा सगळा भिजलेला. तेवढ्यात तिथली एक बाई धावत आली. कडेवर पोर, थंडीने काळंनिळं पडलेलं, हातात रिकामी खापरी. तिची चूल गारांनी विझली होती. भाषा वेगळी, पण तसलं पोर दाखवायला भाषा कशाला लागते?

फिलानोरने निखारा उचलून तिच्या खापरीत टाकला.

"अरे मेल्या!" देक्सोन ओरडला. "आम्हाला कच्चे मासे, आणि हिला अख्खं गाव दिलंस?"

"तुला भूक होती. ते पोर मरत होतं."

मग काय, सगळे रडत होडी ढकलायला लागले. फिलानोर एकटाच मागे बसून राहिला.

दुपारी होडी अजून वाळूतच रुतलेली, तोच ती बाई परत आली. खापरीत लालबुंद विस्तव, कडेवर पोर, चांगलं गरम, भोकाड पसरून रडतंय!

"बाटलेला आहे तो," कोणीतरी पुटपुटलं.

फिलानोर उठला. "गावच्या चुलीपाशी आपली माणसं उपाशी मेली. या विस्तवाने आल्याआल्या एक जीव वाचवला. याहून पवित्र कुठून आणू?"

मग देक्सोनने स्वतःचं वल्हं गुडघ्यावर मोडलं. काडकन!

"घे, हे आतून कोरडं आहे," तो म्हणाला. "नाहीतरी परत कोणाला जायचंय?"

चूल पेटली. गाव वसलं, फिलानोरा त्याचं नाव. तिथे परका आला की आधी विस्तव देतात, नाव मग विचारतात. सगळी पोटभर जेवली, उबेत निजली.

आता तुम्हीपण निजा. चुळबुळ कोण करतंय? मीट डोळे!