शेवटच्या रिळाची वाट

एका तालुक्याच्या गावात टॉकीज होतं. तिथे मुरलीधर नावाचा ऑपरेटर वीस वर्षं पिक्चर दाखवत होता. गुंडांचे पिक्चर तर त्याला तोंडपाठ. दादा गरिबीतून वर येतो, आईच्या पाया पडतो, गावजेवणं घालतो, माणसं मारतो. मग त्याच्या डोक्यात हवा जाते, उजवा हात फितूर होतो आणि शेवटच्या रिळात दादा भर रस्त्यात मरून पडतो. यात कधी फरक पडला नाही.

एका दुपारी मॅटिनी चालू असताना तो केबिनच्या मागच्या खिडकीत उभा होता. खाली सोपानचं सायकलचं दुकान. ती जागा जयसिंग दादाला हवी होती आणि सोपान ती सोडत नव्हता. मुरलीधरच्या डोळ्यांदेखत जयसिंगने सोपानला दुकानाबाहेर ओढलं आणि कोयत्याने तोडलं. पाहणारा मुरलीधर एकटाच.

दिवस-कार्य उरकल्यावर सोपानची बायको हौसा जिना चढून केबिनमध्ये आली.

"भाऊ, मी धावत आले तेव्हा तुम्ही खिडकीत होता. तेवढं कोर्टात बोला. पदर पसरते."

मुरलीधरला जयसिंगचा कोयता आठवला. पण भीती कबूल करायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "वहिनी, असले दादा टिकत नाहीत. त्याचाच माणूस त्याला संपवेल. धीर धरा."

"पिक्चरचा शेवट कुणीतरी लिहिलेला असतो, भाऊ. इथे कोण लिहिणार?"

त्याने मशीनकडे तोंड फिरवलं. हौसा जिना उतरून गेली.

मग मुरलीधर जयसिंगच्या शेवटाच्या खुणा मोजत बसला. जयसिंगने देवळाला सभामंडप बांधला, तेव्हा तो मनात म्हणाला, आता मध्यंतर झालं. जयसिंगचं उजव्या हाताशी बिनसलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं. पण महिन्याभरात त्या माणसाचंच प्रेत विहिरीत सापडलं. पुढे एक कडक फौजदार बदलून आला. तो स्वतः केबिनमध्ये चढला.

"मला फक्त एक साक्षीदार द्या. बाकीचं मी बघतो."

"साहेब, मी रीळ बदलत होतो."

चार महिन्यांत फौजदाराची बदली झाली. जयसिंग नगराध्यक्ष झाला. त्यानंतर गावात आणखी तीन खून झाले आणि त्या तिन्ही घरच्यांनाही साक्षीदार मिळाला नाही.

जयसिंग गेला तो ऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या पलंगावर, नातवाच्या हातून पाणी पिऊन. गावात बंद पुकारला गेला आणि बाजारात त्याचा फोटो मांडला गेला. हौसा बाजारात भाजी विकायची. तिच्यापुढे दोन कार्यकर्ते येऊन उभे राहिले.

"मावशी, उठा. दादासाहेब गेले. श्रद्धांजलीला हात जोडून उभं राहायचं."

हौसा उठली. नवऱ्याला मारणाऱ्याच्या फोटोपुढे तिने हात जोडले. गर्दीत मागे म्हातारा मुरलीधर उभा होता. त्याला ते पाहवेना. तो पुढे आला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "वहिनी, मी सगळं पाहिलं होतं. चला, आत्ता जाऊन सांगतो."

हौसाने जोडलेले हात सोडले नाहीत. एवढंच विचारलं, "कुणाविरुद्ध, भाऊ?"

तात्पर्य: गुंडाचा शेवट आपोआप होत नाही, तो साक्ष देऊन घडवावा लागतो. वेळेवर न दिलेली साक्ष गुंडाच्याच बाजूने पडते.