खुळीला पाणी किती?

“डोंगरावरची वाडी उठवा आणि खुळी नदीच्या काठी नेऊन बसवा!” राजा रणधवलाने फर्मावले. वाडीच्या जागी त्याला शिकारमहाल बांधायचा होता.

वाडीकर धावत दरबारात आले. “महाराज, पुरात घरं वाहून जातील!”

राजाने जलदप्तराचे प्रमुख त्र्यंबकपंत यांच्याकडे पाहिले. पंतांनी कागदांची बासने सोडली, पुन्हा बांधली.

“खुळीचं पाणी कधी कुणी मोजलेलंच नाही, महाराज. दप्तरात नोंद नाही, त्या अर्थी पूर नाही!”

“ऐकलंत?” राजा गरजला. “यंदा खुळी किती हात चढेल, सांगा! बरोबर आलं तर वाडी राहील. चुकलात तर चंबूगबाळं उचला!”

वाडीकरांतून म्हाळू धनगराची लेक हौसा तेवढी पुढे झाली. “आठ दिवस द्या, महाराज.”

आठव्या दिवशी ती धुळीच्या पायांनी परतली. “तळापासून चौदा हात!”

पंत खो-खो हसले. “मेंढरं मोजणारी नदी मोजते! मी खुळीकाठी दहा हातांवर तंबू ठोकून राहतो. टाचसुद्धा भिजायची नाही!”

“पोहता येतं ना, पंत?” हौसाने विचारले.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी तंबू गेला, बासने गेली आणि पंत बाभळीच्या शेंड्यावरून “वाचवा!” म्हणून ओरडू लागले. धनगरांनीच दोर टाकून त्यांना ओढून काढले.

पूर ओसरताच राजाने काठावरच दरबार भरवला आणि बाभळीच्या खोडावरची गाळाची रेघ मोजवली. चौदा हातांना चार बोटे कमी!

“चुकली! चार बोटं चुकली!” पंत ओले धोतर पिळत म्हणाले.

“तुम्ही तर पूरच नाही म्हणालात; अख्खे चौदा हात चुकलात, पंत!” राजा म्हणाला. “हौसा, न मोजलेल्या नदीचं पाणी तुला कळलं कसं?”

“शेजारची सोनाळी आहे ना, महाराज! एकाच डोंगराच्या दोघी लेकी. तोच खडक, तोच उतार, पात्रही तेवढंच रुंद. सोनाळीच्या घाटावर दरवर्षीच्या पुराच्या खुणा आहेत, बारा हातांच्या. मी दोन्हीकडचा डोंगर चालून आले. खुळीला पाणी देणारा डोंगर जास्त, म्हणून दोन हात जास्त धरले.”

“बहिणीवरून बहीण ओळखलीस? असं कुठं असतं का?”

“आपल्या जावईबापूंना लग्नाआधी पाहिलं होतं, महाराज?”

“नाही. त्याच्या थोरल्या भावाला पाहिलं होतं. ऐतखाऊ, झोपाळू!”

“आणि जावईबापू?”

भर दरबारात जावईबापू लोडाला टेकून घोरत होते.

राजाने तिकडे पाहिले आणि तो पोट धरधरून हसू लागला. “अगदी तसाच! वर दोन हात जास्त!”

वाडी जिथल्या तिथे राहिली, तीही ताम्रपटाने. जलदप्तर हौसाच्या हाती आले आणि खुळीच्या पात्रात पाणी मोजायची काठी धरून उभे राहायला पंतांची नेमणूक झाली!