शेंड्यावरचा पहारा

बाभळी बोलायच्या त्या काळची गोष्ट. सातभाई पक्ष्यांपैकी सहा जण खाली किडे टिपायचे आणि थोरला एकटाच शेंड्यावर पहारा द्यायचा.

"दादा, दमलास का?"

"छे! मी कुठला दमतो!"

एका दुपारी शिक्रा झेपावला आणि धाकटीच्या शेपटीची पिसं उपटून गेला. "दादाच्या डोळ्यांवर ऊन आलं असणार," सगळे म्हणाले.

थोरला खाली उतरला. "ऊन नव्हतं रे. माझा डोळा लागला. उपाशीपोटी आता माझ्यानं होत नाही."

धाकटी शेंड्यावर जाऊन बसली. शिक्रा परतताच तिनं अशी हाळी दिली, की सातही जण त्याच्यावर तुटून पडले. शिक्रा पळाला तो थेट ओढ्यापार!

"दादा, आता वर कोण?"

चोचीतली अळी गिळत थोरला म्हणाला, "ज्याचं पोट भरलंय तो."