नव्या कॅमेऱ्याचा दोष

"मग चूक कुणाची म्हणता, माझी?"

धैर्यशीलचा आवाज चढला होता. नाव धैर्यशील, पण अंगात धीर नावालासुद्धा नाही. आल्यापासून त्या एवढ्याशा खोलीत त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. नवा कॅमेरा त्याने खाटेवर जवळजवळ टाकलाच होता.

बशीरचाचा शिकलगारांनी तो कडेवरून आत सरकवला. कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करणारे निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. धैर्यशील त्यांतला शेवटचा, आणि सगळ्यांत तापट.

"काय झालं ते तरी सांगशील?"

"इंगवले मास्तरांच्या पोरीचं लग्न केलं गेल्या महिन्यात. नव्या कॅमेऱ्यावरचं पहिलंच. नवरीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या, इतकं स्वच्छ आलंय! आणि काल मास्तर पेनड्राइव्ह परत घेऊन आले. म्हणाले, यात आमचे आबा कुठं आहेत?"

"कोण आबा?"

"मास्तरांचे वडील. दवाखान्यातनं पाच मिनिटांसाठी आणलं होतं म्हणे. अक्षता टाकल्या आणि गेले. माझ्यापासून चार पावलांवर उभे होते म्हणतात. मी बघितलेच न्हाईत..."

त्याच्या येरझाऱ्या थांबल्या.

"गेल्या आठवड्यात वारले."

चाचा उठले. कोपऱ्यातल्या शेगडीवर त्यांनी चहासाठी दुधाचं पातेलं चढवलं आणि गॅस पेटवला.

"मग माझ्याकडं काय काम काढलंस?"

"मास्तर तुम्हाला मानतात. त्यांना एवढंच सांगा, मशीन नवं आहे, कधी कधी दगा देतं. तुम्ही म्हणालात तर ऐकतील. बारा वर्षं जुना कॅमेरा खांद्यावर वागवला, एक माणूस सुटला न्हाई. हा घेतला आणि पहिल्याच लग्नात माती खाल्ली!"

"जुन्याला डोळे किती लावायचास?"

हा काय प्रश्न झाला? धैर्यशीलला आता म्हाताऱ्याचाही राग येऊ लागला. इथे आपलं नाव जायची वेळ आली आहे, आणि हे डोळे मोजत बसलेत.

"एक. बघायच्या त्या भोकाला दोन डोळे कसे लागतील? दुसरा उघडाच असायचा."

"आणि ह्याला?"

"ह्याला स्क्रीन आहे, चाचा. दोन्ही."

"हं..." चाचांनी स्टूल ओढून शेगडीला लागूनच बैठक मारली. "माझं शूटिंग कर."

"आत्ता?"

"आत्ता. तुझं मशीन बघू तरी."

आवाज नीट येतोय का हे कळावं म्हणून धैर्यशीलने चरफडतच हेडफोन कानांवर चढवला. स्क्रीन उघडली. चाचा आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगू लागले. स्टुडिओत दिवे उचलायचं काम होतं, दिवसभर हात पोळायचे.

खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीवर असा काही पडला होता की धैर्यशीलचा राग हळूहळू उतरला. तो थोडा पुढे सरकला. कॅमेऱ्यातला उजेड जरासा कमी केला. सुरकुती न् सुरकुती दिसत होती. काय चित्र देतो हा कॅमेरा! मास्तर, आबा, सगळं त्याच्या मनातून पुसलं गेलं.

मग करपल्याचा वास आला.

त्याने मान वर केली. दूध भसाभसा उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं. चाचा तिथेच, वीतभर अंतरावर, हात मांडीवर ठेवून गोष्ट सांगत होते.

धैर्यशीलने हेडफोन ओरबाडून काढला आणि धावत जाऊन गॅस बंद केला.

"चाचा, दूध!"

"व्हय की."

"व्हय की काय? शेजारी बसलाय की तुम्ही! बंद करायचं सोडून गोष्टी काय सांगताय?"

"तू समोरच हुतास. तुला दिसलं न्हाई?"

"न्हाई."

"ऐकू?"

"कानांवर हे होतं ना!"

"मग कळलं कसं?"

"वास आला म्हणून..."

चाचा फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

धैर्यशील खाटेच्या कडेला टेकला. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवण्यासाठी तो पुन्हा चिडला.

"तेच तर म्हणतोय मी. दूध करपलं, वास आला, कळलं. आबा आलेत हे मला कसं कळणार होतं? कुणी हाक तरी मारायची. आबांनी स्वतः तरी जरा हात वर करायचा, पुढं यायचं..."

चाचांनी फडकं मोरीत पिळलं.

"म्हातारी माणसं उतू जात न्हाईत रं, धैर्या."