सुतारपक्ष्याची बांधलेली चोच

फार पूर्वी, पाखरांचा कारभार कासवआजोबांकडे होता तेव्हाची गोष्ट. सुतारपक्षी अंड्यावर हलकेच टकटक करून आतलं पिल्लू कसं आहे ते सांगायचा. काही घारी मात्र आत मादी आहे का एवढंच विचारून तसली अंडी खाली ढकलू लागल्या. म्हणून नियम झाला, तपासलेल्या प्रत्येक अंड्याची नोंद पानावर करायची. नियम योग्यच होता.

एकदा सुतारपक्षी एका पानावर झाडाचं नाव लिहायला विसरला. आजोबांनी त्याची चोच वेलीने बांधून टाकली. घारींकडे ते कधी गेले नाहीत. त्यांची घरटी फार उंच होती.

त्याच दिवशी टिटवी धावत आली. "आजोबा, माझं पिल्लू कालपासून आत धडपडतंय, कवच फुटत नाही. कुठून फोडू ते याला सांगू द्या!"

"पौर्णिमेच्या बैठकीत बघू."

"पौर्णिमेला आठ दिवस आहेत! तोवर ते जगेल का?"

"बाई, नियम पिल्लांसाठीच केलाय."

टिटवीने पुढचं ऐकलंच नाही. तिने वेल तोडली आणि सुतारपक्ष्याला नदीकाठी नेलं. "डावीकडून फोड," टकटक करून तो म्हणाला. ओलंचिंब पिल्लू बाहेर पडलं.

मागोमाग आजोबा पोचले. "याची नोंद कुठल्या पानावर आहे?"

"अहो, जिवंत आहे ते, बघा तरी!"

आजोबांनी मान वर केली नाही; ते पान शोधत होते. मग त्यांनी सुतारपक्ष्याची चोच दुप्पट जाड वेलीने बांधली. मागे बुलबुल आणि साळुंकी आपापल्या अंड्यांच्या काळजीने उभ्या होत्या. आजोबा त्यांना म्हणाले, "पौर्णिमेनंतर या."