तात्यासाहेबांचा दम

फलटणच्या तात्यासाहेब मुजुमल्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान: आजोबांनी घरात घातलेला लोखंडी पाइप, आणि स्वतःचा दम. सकाळी सातला ते शंख फुंकत, तो तीन गल्ल्यांत ऐकू जाई. नेमकं तेव्हाच नळाचं पाणी जाई, आणि वरच्या भाडेकरू द्वारकाबाईंची एक घागरही धड भरलेली नसे.

"पाइप बदला हो," त्या विनवत.

"पाइप खणखणीत आहे! नगरपालिकेच्या पाण्यातच जोर नाही," तात्यासाहेब गुरकावत.

एकदा गळती लागली, म्हणून प्लंबरने त्या पाइपचा वीतभर तुकडा कापून काढला. द्वारकाबाईंनी तो चार शेजाऱ्यांदेखत तात्यासाहेबांपुढे धरला.

"यातून नुसती फुंकर पलीकडे काढून दाखवा. पुन्हा पाइपचं नाव काढणार नाही."

तात्यासाहेबांनी छाती फुगवली, गाल फुगवले, तोंड लालबुंद झालं. पलीकडे धरलेल्या उदबत्तीची राखही हलली नाही.

"आता तुम्हीच सांगा," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमचा दम कमी पडला म्हणू, की पाइप तुंबलाय म्हणू?"

"पाइपच तुंबलाय!" तात्यासाहेब ओरडले.

आठवड्यात नवा, मोठा पाइप आला. हल्ली सातचा शंख होतो, तेव्हा द्वारकाबाई काठोकाठ भरलेल्या पिंपाशेजारी निवांत चहा पीत असतात, आणि त्या दमाला मनोमन हात जोडतात.